चित्रात मांजर घालायचंय? मग आधी ल्यूट आणा

सतराव्या शतकातल्या डच घरासारखं चित्र काढायचं मनात आलंय ना? एक मांजर नि एक वाद्य, बस्स. अर्थबिर्थ समीक्षक बघून घेतात.

वाद्य ल्यूटच घ्या, म्हणजे बोटांनी छेडायचं युरोपातलं जुनं तंतुवाद्य, कारण ते काढायला महाकर्मकठीण. पातळ पट्ट्या जोडून केलेली फुगीर पाठ, आणि मान संपते तिथे खुंट्यांची पेटी जवळजवळ काटकोनात मागे मोडलेली. टेबलावर आडवी ठेवली की भल्याभल्यांचं यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) गडगडतं. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ साली त्यावर सोपा उपाय छापला. भिंतीवरच्या कडीतून वजन लावलेला दोरा घ्यायचा, एकाने त्याचं टोक ल्यूटवर टेकवायचं, दुसऱ्याने मधल्या चौकटीत दोरा कुठून जातो ते आडव्याउभ्या धाग्यांनी पकडायचं, दोरा काढायचा, कागदाची झडप लावून टिंब द्यायचं. मग पुढचं टिंब. तुमच्या घरात लोंबता दोरा आणि मांजर एकत्र असल्याने हे काम दुपारपर्यंत आटपेल, असं समजायला हरकत नाही.

तारांना धातूची चकाकी देऊ नका, त्या मेंढीच्या आतड्याच्या असतात. एक तुटलेली दाखवा. चित्रकार होल्बाइनने १५३३ साली दाखवली, लोक अजून तिच्यावर लिहितायत.

खिडकी डावीकडे असेल आणि मांजर उजेडात, तर डोळ्याची बाहुली म्हणजे उभी चीर. गोल काढलीत की भरदुपारी घुबड बसल्यासारखं दिसतं. मिशा अगदी शेवटी, पातळ केलेल्या रंगाने, लांब केसांच्या बारीक ब्रशने, मुळाकडून टोकाकडे एका झटक्यात. गिरवलीत तर खराट्याचे हीर.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकातला डच चित्रकार यान स्टेनचं चित्र आहे: पोरं मांजराला मागच्या पायांवर नाचवतायत, एक मुलगी शॉम वाजवतेय. शॉम म्हणजे सनईची युरोपातली बहीण, दुहेरी पत्तीची, मोकळ्या हवेत वाजवायची. ती बंद खोलीत, आणि ऐकणाऱ्या मांजराचे कान ६४ हजार हर्ट्झपर्यंतचे! कुत्रा भुंकतोय, खिडकीतून म्हातारा खवळलाय. मुलांच्या चेहऱ्यावर मात्र निखळ आनंद. तुम्हीही असंच करा, फक्त हात कोपरापर्यंत झाका.

एवढं करूनही मांजर बसेना, तर एकोणिसाव्या शतकातली मांजरांची चित्रकर्ती हेन्रिएट रोनर-क्निप हिचा मार्ग धरा. तिने मांजरांसाठी पुढून काच असलेली पेटीच करून घेतली होती. ती आत खेळायची, ही बाहेरून काढायची. ल्यूट तेवढी आत ठेवू नका. तिचा पुढचा तक्ता जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असतो, आणि पिल्लू बसायला नेमकी तीच जागा शोधतं.