चौदा की चोवीस?

'कर नाही त्याला डर कशाला?' २००९ च्या डिसेंबरात फिलिपिनो बॉक्सर मॅनी पॅकियाओबद्दल जो तो हेच म्हणत होता. मीही म्हणालो होतो.

अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरशी त्याच्या लढतीची बोलणी चालली होती. मेवेदरच्या गोटाची अट होती, ऑलिम्पिकसारखी उत्तेजकांची चाचणी हवी. न सांगता, केव्हाही, लघवी आणि रक्त दोन्ही. पॅकियाओचं म्हणणं, लढतीच्या तोंडावर रक्त दिलं की अंगातली ताकद जाते. १०६ पौंडांवर सुरुवात केलेला माणूस १४७ पौंडांच्या गटात भल्याभल्यांना लोळवतो आणि वर सुईला नाही म्हणतो, म्हटल्यावर आम्ही चहाच्या टपरीवरच निकाल लावून मोकळे. पाणी मुरतंय! तो एकाही चाचणीत सापडलेला नाही, हे सांगणाऱ्याचं कोण ऐकतो? त्याने बदनामीचा दावा लावला, २०१२ मध्ये तो तडजोडीने मिटला.

मागणी मुळात चूक नव्हती. ताकदीसाठी चोरून घेतलं जाणारं ग्रोथ हार्मोन लघवीत सापडत नाही, त्याला रक्तच लागतं. पण पुढे काय झालं बघा. निवृत्त न्यायाधीशांना मध्यस्थ म्हणून बसवलं. पॅकियाओची बाजू म्हणे, लढतीआधीचे २४ दिवस रक्त नाही. मेवेदरची बाजू १४ वर आली. बाकी पत्रिका जुळली, १३ मार्च २०१० चा मुहूर्त ठरला आणि दहा दिवसांच्या मानपानावरून बैठक मोडली.

अहो, पण शेवटचे १४ दिवस सुई येणार नाही हे आधीच ठाऊक असेल, तर 'केव्हाही' कुठे उरलं? तत्त्वासाठी भांडणारा आकड्यावर आला की ती घासाघीसच. आणि लढतीला परवाना देणारं अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचं कमिशन लघवी तपासून गप्प.

लढत झाली २ मे २०१५ ला, आपल्याकडे रविवारी सकाळी. तोवर पॅकियाओ रक्ताच्या सगळ्या अटींना राजी झाला होता. मेवेदर गुणांवर जितला, माझे पोहे गार झाले.

सप्टेंबरात बातमी आली. लढतीआधीचं अधिकृत वजन झाल्यावर मेवेदरने घरी सलाइन आणि जीवनसत्त्वांची ड्रिप घेतली होती, ७५० मिली. वाडाच्या (म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, शनिवारवाड्याशी संबंध नाही) तेव्हाच्या नियमात परवानगीशिवाय सहा तासांत ५० मिलीच चालायची, कारण ड्रिपने नमुना पातळ होऊ शकतो. चाचणी करणाऱ्या यूसाडाने, म्हणजे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, परवानगी दिली, पण लढतीनंतर अडीच आठवड्यांनी! मेवेदरने उत्तेजक घेतलं असं मी म्हणत नाही. आपण नियम मोडला नाही असं त्याने सांगितलं, नेवाडाच्या नियमात तेव्हा ड्रिपला बंदी नव्हतीही. पण त्याच लढतीच्या रात्री पॅकियाओने दुखऱ्या खांद्यासाठी वेदनाशामक इंजेक्शन मागितलं, तेव्हा वेळेत कळवलं नाही म्हणून कमिशनने नकार दिला.

एकाला कागद मागाहून चालतो, दुसऱ्याला आधीच हवा.

म्हणून म्हणतो, चाचणी करारातून काढा. तारीख, पद्धत, संस्था यातलं काहीही बॉक्सरच्या वकिलाने ठरवायचं नाही. परवाना हवा असेल तर चाचणीवाल्यांना बारा महिने दार उघडं ठेवायचं, मग समोर प्रतिस्पर्धी कुणीही असो. प्रवर्तकांना हे आवडणार नाही. बोलणी फिसकटवायला इतकं सोयीचं कारण त्यांना दुसरं कुठे मिळणार?