‘तपासणी नको तर पगार पण नको घेऊ’ म्हणणाऱ्या पालकांना माझं उत्तर

मागच्या आठवड्यात मी शिक्षण परिषदेवर लिहिलं होतं. म्हणजे महिन्यातून एकदा केंद्रातले, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालच्या शाळांमधले, सगळे शिक्षक एका शाळेत जमतात, परिपत्रकं वाचली जातात, चहा-पोहे होतात, कुठली लिंक भरायची राहिलीय त्याची आठवण केली जाते, आणि वर्गात नेमकं काय अडलंय ते सोडून सगळं बोलून माणसं घरी जातात. शेवटी मी म्हणालो होतो की शिक्षकाला मदत करणारा आणि त्याला मार्क देणारा माणूस एकच नसावा. त्यावर ‘एक पालक’ या नावानं लांबलचक प्रतिक्रिया आली. थोडक्यात अशी:

‘तुम्ही रिटायर केंद्रप्रमुख, तुम्हाला शिक्षकांचा पुळका येणारच. मी खाजगी कंपनीत आहे, दरवर्षी अप्रेझल असतं, टार्गेट नाही झालं तर इन्क्रिमेंट नाही. गुरुजींना पगार फिक्स, वर तपासणी म्हटलं की रडगाणं. तपासणी नको तर पगार पण नको घेऊ. निकालावर पगार लावा, महिन्यात सगळे सरळ होतात. डिसले गुरुजी करू शकतात तर बाकीच्यांना काय झालं? आणि तुम्ही किती जणांचा सीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) खराब लिहिला ते सांगा, तुमचा स्वतःचा कसा होता ते पण सांगा.’

मालक, पहिली गोष्ट, राग आला नाही. आला होता थोडा, पण रात्री भाकरी खाऊन झाल्यावर परत वाचलं तर निम्मं खरंच वाटलं. तेवढं आधी कबूल करतो.

सीआरचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी एकाचाही खराब लिहिला नाही. एकाचाही नाही. जे माझ्याकडं यायचे त्यात ‘अ’ टाकायचो, एखाद्यावर फारच चिडलो असलो तर ‘ब अधिक’. कारण सांगतो, पटो न पटो. कुणाला खाली टाकायचं म्हणजे प्रतिकूल शेरा लेखी कळवायचा, मग त्याचा खुलासा येणार, मग पुरावा काय म्हणून मलाच विचारणार, आणि पुरावा म्हणून माझ्याकडं काय? वर्षात दोन वेळा त्या शाळेत गेलो त्यातला एक दिवस पोषण आहाराचा तांदूळ मोजण्यात गेलेला. ज्याचा तास मी नीट बसून बघितलाच नाही त्याला नापास कुठल्या तोंडानं करू? आणि मग पास तरी कुठल्या तोंडानं केला, असं तुम्ही विचारणार. बरोबर आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

आता हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. अमेरिकेत 2009 मध्ये एका संस्थेनं चार राज्यांतल्या बारा जिल्ह्यांची पाहणी केली, तिथं ‘समाधानकारक’ आणि ‘असमाधानकारक’ एवढे दोनच शेरे ज्या जिल्ह्यांत होते तिथं 99 टक्क्यांच्या वर शिक्षक समाधानकारक निघाले. म्हणजे तिकडचे साहेब पण माझ्यासारखेच. त्यावर त्यांनी तुमचाच उपाय केला, फुल्ल पैसा लावून. गेट्स फाउंडेशननं तीन जिल्हे आणि काही चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) घेतल्या, शिक्षकांचं मोजमाप करायचं, त्यात मुलांच्या परीक्षेचे मार्क पण धरायचे, त्याच्यावर बोनस, बढती, नोकरी ठरवायची. सगळ्यांचे मिळून 575 दशलक्ष डॉलर गेले. 2018 मध्ये रँड या संस्थेचा अहवाल आला, त्यात मुलांच्या शिकण्यात अपेक्षेप्रमाणं वाढ झालेली दिसली नाही. महिन्यात नाही मालक, सहा वर्षांत पण नाही.

आणि आपल्याकडं पण थोडा प्रयोग झालाय. आमच्यात 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवडश्रेणी असते, म्हणजे पगाराच्या वरच्या पायऱ्या, 2017 च्या ऑक्टोबरमध्ये शासन निर्णय निघाला की शाळा सिद्धीत शाळा ‘अ’ श्रेणीत पाहिजे आणि हायस्कूल असेल तर नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर, तरच ही श्रेणी. शाळा सिद्धी म्हणजे शाळेचं मूल्यमापन, त्यात 46 मानकं, आणि पहिलं मूल्यमापन शाळेनं स्वतःचं स्वतःच करायचं. त्याच्या आधी माझ्या केंद्रातल्या शाळा आपणहून ‘आमचं इथं कमी पडतंय’ असं भरायच्या, खरं बोलायच्या. पगाराला जोडलं आणि कुणालाच काही कमी पडेना झालं. त्या फॉर्मचा जो काय उपयोग होता तो तिथं संपला. मी त्या शिक्षकांना दोष देत नाही, तुमच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तुम्ही स्वतःच्या चुका लिहिता का?

अजून एक, टार्गेटचं. तुमच्या कंपनीत एप्रिलला दिलेलं गिऱ्हाईक ऑक्टोबरला गायब होत नसेल. आमच्याकडं कारखाने सुरू झाले की काही गावांतली पोरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, आणि माळशिरस-पंढरपूरकडच्या शाळांत उलटं, फडावर आलेल्या बीडकडच्या टोळ्यांची पोरं येऊन बसतात. मार्चला जे पोरगं परीक्षेला बसलं ते जूनला त्या वर्गात होतंच असं नाही. मग मार्क कुणाचे आणि शिकवलं कुणी? ह्याच्यावर बरंच बोलता येईल पण जाऊ दे, मुद्दा तो नाही.

मुद्दा हा, की मी तपासणी नको म्हणतच नाही. मला जे म्हणायचंय ते एका वर्गातल्या गोष्टीनं सांगतो, जरा लांब आहे.

अक्कलकोटच्या बाजूला सीमेलगत एक दोनशिक्षकी शाळा होती, वस्तीवरची. शाळा मराठी माध्यमाची, पण पोरं घरी कन्नड बोलणारी. तिसरीला एक बाई होत्या, नवीन बदलून आलेल्या, कन्नडचा शब्द येत नव्हता. मी भेटीला गेलो तेव्हा हातच्याची वजाबाकी चालू होती. फळ्यावर 52 वजा 27. निम्म्या वर्गाचं उत्तर 35. बाई परत सांगायच्या, ‘शेजारून हातचा घ्या’, पोरं मान डोलवायची आणि परत 35. मी दहा मिनिटं मागं उभा राहिलो, बाईंची पाठाची टाचण वही बघितली, सही केली, आणि शेरेबुकात, म्हणजे भेटीला आलेल्या साहेबानं अभिप्राय लिहायच्या वहीत, लिहिलं, ‘शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा, अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे.’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. गाडीला किक मारली आणि पुढच्या शाळेत.

रात्री मात्र डोक्यात ते 35 राहिलं. कारण ते काही पण उत्तर नव्हतं, निम्म्या वर्गाचं एकच चुकीचं उत्तर म्हणजे त्याच्यामागं काहीतरी नियम असणार. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. पोरं मोठ्यातून लहान काढत होती, वरचा खालचा बघतच नव्हती. आळशी नव्हती, उलट नियम एकदम काटेकोर पाळत होती, फक्त नियम चुकीचा. आणि ‘हातचा’ म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, बाईंनी सांगितलं ते मराठीत.

चार दिवसांनी परत गेलो. बाईंचा चेहरा पडला, वाटलं आता नोटीस येणार. म्हटलं, मी पाठ घेतो तुम्ही मागं बसा. आणि साहेबानं घेतलेला तो पाठ साफ आपटला! मी काड्यांचे दहा दहाचे गठ्ठे नेले होते, पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या टेबलावर मांडल्या, आणि ‘सांगा आता यातून सत्तावीस कशा काढायच्या’ म्हणून वीस मिनिटं भाषणच केलं. पोरं गप्प. शेवटी सात सुट्ट्या काढायला गेलो तर दोनच आहेत म्हणून मीच अडलो, नाटक म्हणून, आणि पुढच्या रांगेतली एक पोरगी न राहवून म्हणाली, ‘सर, हत्तर कट्टु बिच्चरी.’ दहाचा गठ्ठा सोडा की!

बस. तिथं झालं. बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला, दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर वजाबाकी आली की वर्ग ओरडायचा ‘कट्टु बिच्चरी’, आणि मग हळूहळू त्यालाच हातचा म्हणतात हे आलं. मी तिसऱ्यांदा गेलो पंधरा दिवसांनी, तर चार-पाच पोरं सोडून बाकीच्यांचं 25 येत होतं. त्या चार-पाचांचं काय करायचं ह्याच्यावर बाई आणि मी पाऊण तास भांडलो, खरंखुरं भांडलो, आणि त्यांचंच बरोबर निघालं. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात चांगली शाळाभेट, आणि तिची नोंद शेरेबुकात शून्य आहे. कारण तिसऱ्या भेटीला शेरेबुक उघडायचं मी विसरलो.

आता मला सांगा, पहिल्या दिवशी बाईंना दहापैकी चार मार्क देऊन मी निघून गेलो असतो तर पोरांना 52 वजा 27 आलं असतं का?

फक्त इथं मला माझंच मागचं वाक्य दुरुस्त करायचंय, आणि ते तुमच्या प्रतिक्रियेमुळंच सुचलं. मदत करणारा आणि मार्क देणारा वेगळा पाहिजे असं मी लिहिलं होतं. पण त्या बाईंचा सीआर पुढं माझ्याकडंच आला होता, तरी त्या माझ्याशी भांडल्या. आणि अमेरिकेतल्याच ओहायो राज्यात टोलेडो नावाचं शहर आहे, तिथं 1981 पासून असं चालतं की शिक्षक संघटना आणि प्रशासन दोघं मिळून चांगले अनुभवी शिक्षक निवडतात, त्यांना काही वर्षं वर्गातून मोकळं करतात, आणि त्यांचं काम एकच, नव्या शिक्षकांच्या वर्गात आणि जे अडखळतायत अशा जुन्या शिक्षकांच्या वर्गात जाऊन बसायचं, मदत करायची. आणि शेवटी ह्याला ठेवायचं की नाही ते पण हाच माणूस मंडळापुढं मांडतो. म्हणजे मदत आणि मार्क एकाच हातात. तरी चालतं, कारण तो त्या वर्गात वर्षभर परत परत आलेला असतो, त्याच्याकडं पुरावा असतो. तिथल्याच सिनसिनाटीत पण अनुभवी सहशिक्षक वर्षात अनेकदा तास बघतात, आणि ज्या शिक्षकांचं असं मूल्यमापन झालं त्यांच्या मुलांचं गणित त्या वर्षी सुधारलं आणि नंतरही सुधारलेलं राहिलं असं अभ्यासात दिसलंय. तर माणूस एक की दोन ह्याच्यावर मी उगाच अडून बसलो होतो. माणूस परत आला पाहिजे, एवढंच.

आणि परत यायला माणूस तर पाहिजे! राज्यात केंद्रप्रमुखांची मंजूर पदं 4860, आणि 2023 मध्ये भरायला म्हणून जाहिरात निघाली ती 2384 जागांची. जवळपास निम्मी. मग एकाकडं दोन-दोन केंद्रांचा चार्ज, त्यात मीटिंगा, त्यात सगळ्या शाळांची माहिती ‘आज दुपारी चारपर्यंत’. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत 11 तालुक्यांचा पसारा आपल्या सोलापूर जिल्ह्याचा, तुम्हीच हिशोब करा. नवीन शैक्षणिक धोरणात, 2020 च्या, शिक्षकानं वर्षाला 50 तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे. चांगलंय की. पण कोरोनात ‘निष्ठा’ नावाचे शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स सरकारच्या दीक्षा ॲपवर आले तेव्हा मोबाईल चार्जिंगला लावून व्हिडीओ आपोआप पळवणारे मी बघितलेत, आणि सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं. 50 तास अशानं पण भरतात. त्यापेक्षा 5 तास कुणी मागं बसून बघितलं आणि तास संपल्यावर बोललं तर मी जास्त समजेन.

तुमच्या पैकी कुणी म्हणेल मग कामचुकारांचं काय. आहेत. माझ्याही केंद्रात होते, दुपारनंतर शाळेत न सापडणारे. त्यांच्यावर कारवाई करा, त्याला माझा विरोध नव्हता, नाही. पण त्याला हजेरीपट आणि नियम पुरेसा आहे, त्याच्यासाठी सगळ्या जिल्ह्याच्या शिक्षकांना मार्कांच्या रांगेत उभं करायची गरज नाही. आणि हजेरीपटाप्रमाणं कारवाई केली नाही हा दोष माझ्यासारख्यांचा, तो घेतो.

डिसले सरांचं म्हणाल तर अभिमान आहेच, माढ्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतला माणूस 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज घेतो म्हणजे काय चेष्टा नाही. पण तुम्ही त्यांचं नाव बाकीच्यांना हाणायला काठी म्हणून वापरताय. त्यांनी स्वतः काय केलं बघा, 10 लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. ज्यानं शर्यत जिंकली त्यालाच ती शर्यत वाटली नाही.

राहिलं माझ्या सीआरचं. 33 वर्षं नोकरी, त्यातली 21 वर्गावर. दरवर्षी ‘अ’. आणि त्या 21 वर्षांत माझा अख्खा तास मागच्या बाकावर बसून बघणारा साहेब एकच मिळाला, शिक्षण खात्याचे एक विस्तार अधिकारी, बार्शीकडं असताना. तास संपल्यावर शेरेबुक मागितलं नाही, बाहेर लिंबाखाली उभं राहून म्हणाले, ‘गुरुजी, छान विचारता. पण प्रश्न विचारल्यावर थांबता किती, मोजलंय का?’ मी नव्हतं मोजलं. त्यांनी मोजलं होतं, दोन सेकंद पण नाही, लगेच मीच उत्तर देऊन टाकायचो. महिन्याभरानं ते परत आले, परत मागं बसले, आणि जाताना नुसतं हाताची चार बोटं दाखवून गाडीवर बसले.

तेव्हापासून प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजतो. परवा नातवाला विचारलं शाळेत काय शिकवलं, तेव्हा पण मोजले. तिसऱ्यालाच पळाला.