नेट बंद आहे म्हणजे नेमकं कुठं बंद आहे?

सांगलीत वळीव सुरू झाला की ओळखीच्यातनं फोन यायला लागतात, नेट बंद आहे, जरा येऊन बघ की. विश्रामबाग असो, गावभाग असो नाहीतर मिरजेतलं कुणी पाव्हणं असो. आणि मी पोचेपर्यंत राउटर बंद-चालू करून झालेला असतो, कुणीतरी मागच्या बारक्या भोकात टाचणी घालून रिसेट दाबलेलं असतं, आणि दुकानदारानं पीसी न बघताच फोनवर सांगितलेलं असतं की विंडोज खराब झालंय, घेऊन या, फॉरमॅट मारू. राउटर बंद-चालू करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यानं खरंच बऱ्याचदा काम होतं. पण ते रिसेट आणि ते फॉरमॅट, या दोन्हीचा मला मनापासून राग येतो आणि आज त्यावरच लिहायचंय. पोस्ट मोठी होणार आहे, पण वाचा.

रिस्टार्ट केलं तर राउटरमधलं काही पुसलं जात नाही. रिसेटचं बटण दाबून धरलं की मात्र तो कारखान्यातनं आला तसा कोरा होतो. ऑपरेटरनं त्यात भरलेलं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा नंबर (ऑपरेटरच्या लाईनवर तुमचं नेट वेगळं ओळखायचा आकडा), वायफायचं नाव, सगळं जातं, आणि हे युजरनेम-पासवर्ड बहुतेक घरात कुणाकडं लिहून ठेवलेलंच नसतं. म्हणजे बिघाड मुळात चौकातल्या खांबावर होता, तो ऑपरेटरच्या माणसानं तासाभरात जोडला तरी तुमचं नेट बंदच, कारण आता राउटरला आपण कोण हेच माहीत नाही. एक बिघाड होता त्याचे दोन झाले.

माझं म्हणणं साधं आहे. नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच प्लंबर बोलवत नाही, आधी टाकीत बघतो, मग शेजारी विचारतो, मग मोटर बघतो. नेटचंही तेवढंच करायचंय, कुठपर्यंत चालू आहे आणि कुठनं पुढं बंद आहे ते शोधायचं, दुरुस्ती नंतर. आणि हे शोधायला इंजिनिअर लागत नाही, दहावीतलं पोरगं पाच मिनिटात करतं.

सगळ्यात आधी मोबाईल वायफायला जोडून बघायचा. पण त्याआधी मोबाईल डेटा बंद करायचा, हे विसरू नका! वायफायला नेट नसलं की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात, युट्यूब चालू राहतं, आणि घरातले म्हणतात वायफाय तर चालतंय की, पीसीच बिघडलाय. यावरनं चांगले चालू पीसी दुकानात गेलेले मी बघितलेत. डेटा बंद करून मोबाईलवरही नेट चाललं नाही तर पीसीला हातच लावू नका, त्याचा काही दोष नाही. मोबाईलवर चाललं तर मग पीसीकडं यायचं.

दोन्हीकडं बंद असेल तर राउटरवरचे दिवे बघा. फायबरवाल्या डब्यावर पॉन (PON) नावाचा दिवा असतो, तो स्थिर हिरवा पाहिजे. एलओएस (LOS) नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल तर फायबरमधनं प्रकाश तुमच्या घरापर्यंत येतच नाही, आता बंद-चालू करा, पाया पडा, काही होणार नाही. फक्त एक बघून घ्या, ती पिवळी नाहीतर काळी बारीक वायर कपाटामागं दाबली गेलीय का, दारात चेमटलीय का, तिला काटकोनात मोड आलाय का. आत काच असते, जास्त वाकवली की प्रकाश बाहेर गळतो. वायर काढून तिच्या टोकात डोळा लावून बघू नका, लहान पोरांनाही बघू देऊ नका, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही पण असतो.

एकही दिवा लागत नसेल किंवा राउटर सारखा आपोआप बंद-चालू होत असेल तर ॲडाप्टर बघा. आमच्याकडं वळवात विजा आणि लाईटची ये-जा एवढी असते की राउटरच्या आधी ॲडाप्टरच जातात. कधी पूर्ण जळत नाहीत, नुसते अशक्त होतात, दिवे लागतात पण वायफायवर चार जणं जोडले की राउटर मान टाकतो. लोक अशा वेळी नवा राउटर घेतात. ॲडाप्टर बदला, मात्र जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तेवढेच पाहिजेत आणि ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त. बहुतेक १२ व्होल्टचा असतो, पण वाचूनच घ्या.

आता पीसी. इथं सगळ्यात जास्त अन्याय होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, काळी खिडकी येते, घाबरायचं काही कारण नाही, त्यात आयपीकॉन्फिग (ipconfig) असं इंग्रजीत टाईप करून एंटर मारायचं. आयपीव्ही४ ॲड्रेससमोर १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा आला तर पीसीला राउटरकडनं पत्ता मिळालेलाच नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतलाय. मग केबल बघा, तिची ती प्लास्टिकची खिट्टी तुटली की ती सैल होते, पोर्टपाशी दिवा लागत नाही. बऱ्याच घरात १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता येतो, तसा आला तर राउटरपर्यंत रस्ता चांगला आहे. त्याच्याच खाली डिफॉल्ट गेटवेसमोर राउटरचा पत्ता असतो, पिंग (ping) लिहून पुढं तो टाका, उत्तर आलं पाहिजे. मग पिंग ८.८.८.८ करा, हा गुगलचा सर्व्हर आहे. त्याचं उत्तर येतंय पण ब्राउझरमध्ये एकही साईट उघडत नाही असं असेल तर नेट चालू आहे, साईटच्या नावावरनं तिचा पत्ता सांगणारा डीएनएस बिघडला असण्याची शक्यता जास्त. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाकून बघा. दोन मिनिटाचं काम आहे हो, आणि यासाठी फॉरमॅट सांगतात!

आणि घड्याळ. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल असतो. तो संपला की पीसीचा स्विच बंद केला की तारीख मागं जाते, कुठल्यातरी जुन्या सालात. आता साईट उघडताना ब्राउझर तिचं सर्टिफिकेट, म्हणजे ती खरी असल्याचा दाखला, तपासतो, ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालतं, आणि पीसीला वाटतंय की ती तारीख अजून उजाडलीच नाही, म्हणून तो कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून अडवतो. आमच्या ओळखीच्या एका काकूंचं अगदी हेच झालं होतं. दुकानात सांगितलं विंडोज गेलं, आणि फॉरमॅट मारला, सी ड्राईव्हच्या डेस्कटॉपवर मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते ते सगळे गेले. परत घरी आणून लावला, दोन दिवस चालला आणि परत तेच, कारण सेल जुनाच होता! सेल बदलला, तारीख नीट केली, आजही तो पीसी चालू आहे. फोटो काही परत आले नाहीत. काकूंनी मला एका शब्दानं काही म्हणलं नाही, पण त्या दुकानदारानं एकदा खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचली असती तर काय बिघडलं असतं, असं मला अजून वाटतं.

स्पीडचं थोडक्यात. प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल तर डाउनलोड सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबीच दिसणार, कारण प्लॅन बिटमध्ये मोजतात आणि फाईल बाईटमध्ये, ८ बिटचा एक बाईट, यात फसवणूक नाही. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतनं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही, तिथं २.४ वर जोडा, किंवा सरळ केबल ओढा. पीसी एका जागी बसलेला आहे, तो काय फिरत नाही, त्याला केबलच द्यावी असं माझं ठाम मत आहे. १०० च्या वरचा प्लॅन असूनही केबलवर ९०-९५ च्या वर जातच नसेल तर केबलमधली एखादी तार तुटलेली असू शकते, १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. राउटरचा नाहीतर पीसीचा पोर्टच १०० चा नाही ना, तेही बघा.

लाईट गेल्यावर घरात इन्व्हर्टर असूनही नेट जातंय का? फायबर थेट ऑपरेटरच्या ऑफिसपासून असेल आणि मधे नुसते स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरात वाटणारे डबे) असतील तर त्यांना लाईट लागत नाही. पण गल्लीत कुणाच्यातरी घरावर ऑपरेटरचा स्विच (गल्लीतल्या घरांना नेट वाटणारा, लाईटवर चालणारा डबा) बसवलेला असेल तर त्या घराची लाईट गेली की सगळी गल्ली बंद. हे ऑपरेटरला विचारा, आणि त्या स्विचला बॅटरी लावून मागा. आख्ख्या गल्लीनं मिळून मागितलं तर लावतात.

ऑपरेटरच्या लाईनवरच्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. गणपतीत मिरवणूक जायला तारा बांबूनं वर उचलतात, कुठं ड्रेनेजला रस्ता खणतात, कुठं फांदी पडते, आणि ही पोरं पावसात शिडी लावून जोडत बसतात. तुम्ही त्यांना नुसतं "नेट बंद आहे" सांगता तेव्हा ती तुमच्या घरी येऊन राउटर बंद-चालू करतात. "एलओएस लाल आहे, शेजाऱ्याचंही बंद आहे" असं सांगितलं तर ती पहिल्यांदा खांबाकडं जातात. तासंतास वाचतात. महिन्याच्या २० तारखेला जीएसटी रिटर्न भरायचं असतं तेव्हा हे तास किती महाग पडतात ते दुकान चालवणाऱ्यांना विचारा.

माझी तक्रार मालक लोकांवर आहे. कनेक्शन देताना गिऱ्हाइकाला एक कागद द्यायला काय जातंय? त्यावर युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन नंबर, राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड आणि तक्रारीचा फोन नंबर. पैसे आपण भरतो आणि आपल्याच घरातल्या डब्याची चावी दुसऱ्याच्या खिशात, हे चालवून घेऊ नका. नवीन कनेक्शन घेताना हा कागद हातात पडल्याशिवाय पहिलं बिल देऊ नका, जुनं असेल तर आज फोन करून मागा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एका कागदावर लिहून राउटरच्या खाली चिकटवा, कारण नेट नसताना मेलमधलं शोधता येत नाही. तक्रार केलीत की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घ्यायचा. तक्रार सुटली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं, तिथं पहिल्यांदा तोच नंबर विचारतात. आणि पीसी दुकानात द्यायचाच झाला तर आधी फोटो पेनड्राईव्हवर घ्या, मगच उचला.