साइज जुळला म्हणजे झालं?

‘साइज जुळला की कुठलाही टायर चालतो’ हे टायरविषयीच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. टायरच्या बाजूवर २२५/४५ आर १७ ९४ वाय असं लिहिलेलं असतं, त्यातलं साइजनंतरचं शेवटचं ‘९४ वाय’ही तितकंच महत्त्वाचं. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलोपर्यंत भार, वाय म्हणजे ताशी ३०० किमीची क्षमता. व्ही असेल तर २४०च. पोर्शेच्या टायरवर तर कंपनीच्या मान्यतेची ‘एन’ खूणही असते.

आणि दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी! माझ्या गाडीला दुकानदाराने पुढे बसवले होते. पहिल्याच पावसात, घाटातल्या वळणावर मागची बाजू सरकली. मुलं गाडीत होती हो.