तेरीज जुळली, पण हिशेब खरा आहे का?

“गणितात तिला फारशी गती नाही हो मॅडम, म्हणून अकाउंट्स घ्यायला लावतोय.” विषयनिवडीच्या फॉर्मवर सही करताना एक वडील परवा मला म्हणाले. मुलगी शेजारीच बसली होती. तिने मान खाली घातली. हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी ते तितकंच लागतं. त्या मुलीसाठी लागतं आणि मी शिकवते त्या विषयासाठीही.

शाळेतल्या ऐच्छिक विषयांच्या यादीत अकाउंट्स आणि बिझनेस यांची जागा ठरलेली असते. हुशार मुलं विज्ञानाकडे जातात आणि उरलेल्यांना इकडे पाठवलं जातं. आकडेमोड म्हणाल तर या विषयाला बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी पुरते, हे खरं आहे. पण अवघड भाग आकडेमोडीत नसतोच. तो कुठे असतो ते सांगते.

वर्षाच्या सुरुवातीला मी मुलांना एक उदाहरण देते. तुमच्या गटाने ६०० भांडवल घालून नव्या वर्षाची १०० शुभेच्छाकार्डं बनवली. एका कार्डाला खर्च ६, विक्री १० ला. ८० कार्डं विकली गेली, त्यातली ५० रोखीने आणि ३० उधारीवर. २० शिल्लक राहिली. आता सांगा, नफा किती?

दर वर्षी वर्गात तीन उत्तरं येतात. पहिला गट म्हणतो, १०० चा तोटा, कारण घातले ६०० आणि डब्यात आहेत ५००. दुसरा म्हणतो, २०० नफा, कारण विक्री ८०० आणि खर्च ६००. तिसरा थोडा थांबून म्हणतो, विकलेली कार्डं ८०, मग खर्चही त्या ८० चाच धरायला हवा. तो होतो ४८०, म्हणजे नफा ३२०. मग आम्ही फळ्यावर ताळेबंद मांडतो. रोख ५००, येणं ३००, शिल्लक माल १२०, एकूण ९२०. समोरच्या बाजूला भांडवल ६०० आणि नफा ३२०. दोन्ही बाजू जुळतात आणि वर्गात आनंदाचा आवाज उठतो. तो आवाज मला आजही फार आवडतो.

मग मी विचारते, नवं वर्ष सुरू होऊन गेलं, आता ती २० कार्डं कोण घेणार?

वर्ग शांत होतो. माल त्याला आलेल्या खर्चाला धरायचा की विकून जे मिळेल त्या रकमेला, यांपैकी जे कमी असेल ते घ्यायचं, असा हिशेबाचा नियम आहे. कार्डांना आता काहीच मिळणार नसेल तर १२० गेले आणि नफा उरला २००. उधारीवर नेलेल्यांपैकी पाच कार्डांचे पैसे बुडाले तर आणखी ५० गेले. व्यवहार तेच आहेत, वही तीच आहे, पण नफ्याचा आकडा बदलला. कोणता आकडा लिहायचा हे गणित सांगत नाही. समोर काय घडलंय ते नीट बघावं लागतं आणि आपल्याला न आवडणारा आकडाही लिहावा लागतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे करायला लावणारा दुसरा विषय शाळेत कुठला आहे?

आणि ज्यांना गणित आणि अकाउंट्स ही दोन वेगळी घरं वाटतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. दुहेरी नोंदपद्धतीचं, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याच्या पद्धतीचं, पहिलं गाजलेलं छापील वर्णन १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या लुका पाचोलीच्या ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ गणिताचा होता. पाचोली हा फ्रान्सिस्कन साधू, गणिताचा शिक्षक. ही पद्धत त्याने शोधली नाही, व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती नीट मांडली. कच्ची वही, तिच्यावरून रोजकीर्द (तारीखवार नोंदी), तिच्यावरून खतावणी (खात्यांनुसार नोंदी), हा क्रम त्याच्या ग्रंथातही आहे.

सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाक्या समोरासमोर मांडून बेरजा जुळतात का ते बघायचं, त्या तक्त्याला तेरीज म्हणतात. तिच्यात फरक आला आणि त्या फरकाला ९ ने भाग गेला, तर बहुधा कुणीतरी लिहिताना अंकांची अदलाबदल केलेली असते. ५४० च्या जागी ४५० लिहिलं की फरक ९० येतो. असं का होतं हे मी मुलांना बीजगणिताने सिद्ध करायला लावते. “बीजगणित कुठे वापरतात?” हा प्रश्न त्या दिवसानंतर वर्गात येत नाही.

माझं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही, कारण हा विषय वाईट शिकवला तर फुकट जातो. आणि तो बरेचदा वाईट शिकवला जातो. येणारे ते नावे, जाणारे ते जमा. सगळे खर्च आणि तोटे नावे, सगळी उत्पन्नं आणि नफे जमा. मुलं हे पाढ्यासारखं म्हणतात, नमुना पाठ करतात, दोन बाजू जुळल्या की गुण मिळतात. पण तेरीज जुळणं म्हणजे हिशेब बरोबर असणं नव्हे. तत्त्वाची चूक तेरजेत दिसतच नाही. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात टाकला, तरी रक्कम नावे बाजूलाच राहते आणि तेरीज जुळते.

भांडवली खर्च (मालमत्ता घेण्याचा) आणि महसुली खर्च (रोजचा) यांतला हा फरक पहिल्या काही धड्यांत येतो. परीक्षेत तो फार थोड्या गुणांचा असल्यामुळे घाईत उरकला जातो. आणि वर्ल्डकॉम या अवाढव्य अमेरिकी दूरसंचार कंपनीने नेमका हाच नियम मोडला होता. इतर कंपन्यांच्या वाहिन्या वापरण्यासाठी द्यायचं शुल्क हा रोजचा खर्च. तो त्यांनी मालमत्ता म्हणून दाखवला, त्यामुळे खर्च कमी आणि नफा जास्त दिसला. जून २००२ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा आकडा सुमारे ३.८ अब्ज डॉलरचा होता. पुढच्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. हे शोधून काढलं कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने, सिंथिया कूपर यांच्या नेतृत्वाखाली. मी हे वर्गात सांगते तेव्हा एक मूल तरी विचारतंच, “म्हणजे त्यांना आपला तिसरा धडा माहीत नव्हता?” माहीत होता, बाळा. माहीत असूनही नोंद खोटी केली.

“आता सगळं सॉफ्टवेअर करतं, मुलांनी वही कशाला लिहायची?” असंही मला विचारतात. सॉफ्टवेअर बेरीज चुकवत नाही, हे मान्य. पण हा खर्च आहे की मालमत्ता, हे येणं येणार की बुडणार, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि चुकीचं सांगितलं तर ते चुकीचंही तितक्याच सफाईने मांडतं.

बिझनेस या जोडविषयाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तिथे एकतर व्याख्या आणि पाच-पाच मुद्दे पाठ करून घेतात, किंवा मग मुलांकडून चकचकीत सादरीकरणं करून घेतात. त्या सादरीकरणांत विक्री दरवर्षी वाढते आणि कुणाचीही उधारी बुडत नाही. मुलांचा उत्साह खरा असतो आणि तो मला हवाच आहे. पण किती नग विकले की खर्च भरून निघतो हे काढता येत नसताना मुलांना उद्योजक म्हणणं बरोबर नाही. दोन्हींपैकी एकच विषय घेता येणार असेल तर आधी अकाउंट्स घ्या.

ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत २०१२ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांची आर्थिक साक्षरता पहिल्यांदा तपासली गेली. त्यात एक प्रश्न होता: बिलात दोनऐवजी तीन टी-शर्ट लावलेत, खरं बिल किती? टी-शर्टची किंमत वजा करायची, त्यावरचा कर वजा करायचा, पण टपालखर्च तसाच ठेवायचा. कुठला आकडा कशामुळे हलतो आणि कुठला हलत नाही, एवढंच कळायला हवं होतं. हे डॉक्टर होणाऱ्या मुलालाही लागतं, चित्रकार होणाऱ्या मुलीलाही लागतं.

हे सगळं मी त्या वडिलांनाही सांगितलं, कार्डांच्या उदाहरणासकट. मुलीला मुद्दाम विचारलं, नफा किती? ती बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत होती. मग म्हणाली, “उरलेली कार्डं विकली जाणार आहेत का, ते आधी सांगा.” वडील तिच्याकडे बघतच राहिले.

जाताना त्यांनी विचारलं, “हिच्या मोठ्या भावाने विज्ञान घेतलंय, त्यालाही हा विषय घेता येईल का?” येत नाही. वेळापत्रकात अकाउंट्सचा तास आणि भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा तास एकाच वेळी ठेवलेला आहे, गेली कित्येक वर्षं. तो हलवावा म्हणून मी यंदा लेखी अर्ज दिला आहे.