फवारणी पंपाच्या बॅटरीबद्दल एक स्टार देणाऱ्या भाऊंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण तुम्ही लिहिलंय की पंपाची मेलेली बॅटरी घरी व्हिडिओ बघून एप्सम सॉल्टनं जिवंत केली होती, आम्ही १०० रुपये घेऊन ती ‘गेली’ म्हणून परत दिली आणि नवी गळ्यात मारायला बघितली. पारोळ्यातले बाकीचे कापूसवाले हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

१०० रुपये तपासणीचे होते, ते बोर्डावर लिहिलेलं आहे. बॅटरी रात्रभर मंद चार्जिंगला लावली. सकाळी मीटरवर १२.८ व्होल्ट, म्हणजे दिसायला ठणठणीत. मग २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडला, तर वीस मिनिटांत १०.५ व्होल्टच्या खाली, म्हणजे रिकामी. ८ अँपिअर-अवरची धडधाकट बॅटरी तोच बल्ब चार तासांच्या आसपास ओढते. नुसता मीटर लावून ‘चांगली आहे’ म्हणणारे फुकटात सांगतात, मान्य. पण पाठीवर पंप घेऊन शेतात जायचं तुम्हाला असतं.

आता सॉल्टचं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जे आपण कपाशीवर लाल्या आला, म्हणजे पानं लाल पडली की फवारतो तेच. तुम्ही कृषी केंद्रातलंच टाकलं, असं काउंटरवर सांगितलं होतंत. खतातल्या मालात लोह, क्लोराइड असे दुसरे क्षारही असू शकतात, आणि ते बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटांना मारक. बरं, शुद्ध टाकलं तरी काय होतं? पूर्ण उतरलेल्या बॅटरीत ॲसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं, चार्जरचा करंट आत शिरत नाही. क्षारानं तो शिरायला लागतो, म्हणून ‘चालू झाली’ वाटतं. त्यात सेल, म्हणजे बॅटरीतले कप्पे, सुकलेले असले तर तुम्ही टाकलेल्या पाण्याचाही गुण असतो. नाव मात्र सॉल्टचं होतं. प्लेटांवर घट्ट बसलेले लेड सल्फेटचे खडे सॉल्टनं विरघळत नाहीत आणि प्लेटांवरून गळून गेलेला मसाला परत चिकटत नाही.

घरी काहीच करता येत नाही, असं मी म्हणत नाही. महिना-दोन महिने पडून उतरलेली बॅटरी १ अँपिअरच्या आत, दिवसभर किंवा जास्त, १४.४ व्होल्टच्या वर न जाऊ देता चार्ज केली तर बऱ्याचदा उठते. वरची पट्टी काढून रबरी टोप्यांखाली सेलमध्ये थोडं थोडं डिस्टिल्ड वॉटर घातलं तरी फरक पडतो. बोअरचं पाणी नको, वरून ॲसिडही नको, कारण कमी पाणीच झालेलं असतं. डोळ्यांना चष्मा लावा, आणि चार्जिंग चालू असताना जवळ विडी-काडी नको. निघणारा हायड्रोजन भडकतो. पण एक सेल शॉर्ट असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही.

लिथियम बॅटरीचा पंप असेल तर मात्र हात लावू नका. खूप खाली गेलेल्या सेलला दुसऱ्या बॅटरीचा झटका देऊन उठवायचे व्हिडिओ आहेत. तशा सेलमध्ये आतलं तांबं विरघळून शॉर्ट झालेलं असू शकतं, आणि तो चार्जिंगला लावून घरात झोपणं म्हणजे... असो.

तुमची बॅटरी मेली ती कापूस संपल्यावर पंप पत्र्याच्या शेडमध्ये तसाच ठेवल्यामुळे. आपल्याकडचा मे महिना, वर चार्जिंग नाही. ती स्वतःहून उतरत गेली. पुढच्या वेळी ठेवताना पूर्ण चार्ज करा आणि दर दोन महिन्यांनी एकदा पुन्हा लावा.

नवी आमच्याकडूनच घ्या, असा आग्रह नाही. कुठूनही घेतलीत तरी जुनी भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. नवी विकणारा दुकानदार ती वजावट देऊन परत घेतो. आणि शंका असेल तर ती घेऊन या, तुमच्यासमोर पुन्हा बल्ब लावतो. दुसऱ्यांदा पैसे नाहीत. गुरुवारी दुकान बंद असतं, तेवढं सोडून कधीही या.