'सिन्स म्हणजे पासून' पाठ केलंत तर चूक ठरलेलीच

इंग्रजीतल्या गोंधळात टाकणाऱ्या शब्दांचे तक्ते व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच मराठी अर्थ किंवा एका ओळीचा नियम, आणि खाली ठसक्यात लिहिलेलं: एवढं पाठ करा, पुन्हा चूक होणार नाही. तक्ते निरनिराळे असले तरी काही ओळी हटकून सापडतात. त्या एकेक घेऊ.

'सिन्स म्हणजे पासून, फॉर म्हणजे साठी.' सगळ्यात जास्त नुकसान हीच ओळ करते. मराठीत 'पासून' दोन्हीकडे चालतं: 'सोमवारपासून ताप आहे' आणि 'तीन दिवसांपासून ताप आहे'. इंग्रजीत मात्र इथे वाटा फुटतात. पहिल्या वाक्यात सुरुवातीची खूण आहे, म्हणून 'सिन्स मंडे'. दुसऱ्यात मोजलेला काळ आहे, म्हणून 'फॉर थ्री डेज'. तक्ता पाठ केलेला माणूस 'सिन्स थ्री डेज' म्हणणारच, तो तेच तर शिकलाय. तेव्हा मराठी अर्थ बाजूला ठेवा आणि पुढचा शब्द तपासा. त्यावर कॅलेंडरात किंवा घड्याळात बोट ठेवता येतं का? सोमवार, २०१९, सकाळी आठ: इथे सिन्स. तो 'किती?' या प्रश्नाचं उत्तर आहे का? तीन दिवस, दोन वर्षं, बराच वेळ: इथे फॉर. 'लास्ट' आलं की हमखास फसायला होतं. 'सिन्स लास्ट इयर' बरोबर, कारण गेलं वर्ष ही खूण झाली. 'सिन्स लास्ट टू इयर्स' चूक, कारण आकडा येताच मोजमाप सुरू झालं. तिथे 'फॉर द लास्ट टू इयर्स' हवं.

एवढ्यावर वाक्य अर्धंच सुधारतं. 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो' यात आपलं क्रियापद साध्या वर्तमानकाळात असतं, त्यावरून 'आय ॲम लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स' तयार होतं. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. ही जोडी क्रियापदासकटच शिकायची असते, आणि तक्त्यात क्रियापदाला जागाच नसते.

'टिल म्हणजे पर्यंत.' पुन्हा तोच रोग, या वेळी काळाच्या दुसऱ्या टोकाला. 'शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा' यांतलं 'पर्यंत' एकच. इंग्रजीत पहिलं 'बाय फ्रायडे', दुसरं 'टिल फ्रायडे'. ऑफिसच्या मेलमध्ये 'सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे' लिहिलं, तर त्याचा अर्थ शुक्रवार उजाडेपर्यंत फॉर्म भरतच राहा असा होतो! तपासायची युक्ती मराठीतच आहे: क्रियापदाला 'त राहा' जोडून बघा. 'थांबत राहा' जमतं, म्हणून टिल. एकच फॉर्म 'भरत राहा' जमत नाही, म्हणून बाय. नकारार्थी वाक्यात ही युक्ती चालत नाही, तिथे अर्थच बघावा लागतो. 'आय वोंट बी बॅक टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी येईन, त्याआधी नाही. 'आय वोंट बी बॅक बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार आला तरी मी परतलेला नसेन.

'बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे उसनं देणं.' ही ओळ बरोबर आहे, कारण घेणं-देणं मराठीतही वेगळंच आहे. फक्त 'बॉरो'नंतर ज्याच्याकडून घेतलं त्या माणसाआधी 'फ्रॉम' लागतं, एवढं जोडून घ्या.

'दोघांत बिट्वीन, तिघांपासून पुढे अमंग.' बिट्वीनच्या पोटात 'दोन' आहे हे खरं, पण वापर तिथे कधीच अडकून पडला नाही. १ जुलै २०२० ला लागू झालेल्या अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या व्यापार कराराच्या अधिकृत नावात 'बिट्वीन' आहे, देश तीन असूनही. प्रश्न संख्येचा नसतोच. प्रत्येक जण सुटा दिसत असेल आणि एकेकाचा दुसऱ्याशी संबंध असेल तर बिट्वीन. सगळे मिळून एक घोळका असेल तर अमंग. चार गावांमधला रस्ता बिट्वीन, गर्दीत हरवलेलं पोर अमंग.

'मोजता येतं तिथे फ्यूअर, येत नाही तिथे लेस.' या भेदाचा छापील उगम सहसा इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे रॉबर्ट बेकर यांच्या १७७० च्या टिपणात दाखवतात. तिथे त्यांनी आपली आवड सांगितली होती, आणि लोक संख्येसाठी सर्रास 'लेस' वापरतात हेही नोंदवलं होतं. पैसे, अंतर आणि वेळ मोजता येतात, तरीही 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज' हेच सहज इंग्रजी आहे; तिथे फ्यूअर घातलं की वाक्य अवघडतं. माणसं आणि वस्तू असतील तर मात्र औपचारिक लेखनात फ्यूअरच ठेवा. स्पर्धा परीक्षेतल्या 'चूक ओळखा' प्रश्नातही तेच धरून चाला. तिथे बेकरांशी वाद घालून गुण मिळत नाहीत.

'आय-वी ला शॅल, बाकी सगळ्यांना विल.' हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या व्याकरणातला. ते परदेशी शिकणाऱ्यांसाठी लॅटिनमध्ये लिहिलेलं होतं. तक्त्यात त्याचा अर्धाच भाग येतो: बंधन किंवा आज्ञा असेल तर जोडी उलटते, हा उरलेला अर्धा गळतो. आजच्या बोलण्यात 'आय विल' बिनदिक्कत चालतं. 'शॅल' उरलंय ते मुख्यतः 'शॅल आय ओपन द विंडो?' अशा विचारण्यात आणि कायद्याच्या भाषेत. भारतीय संविधानाच्या इंग्रजी प्रतीतलं पहिलंच कलम बघा: 'इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स.' तक्त्याच्या हिशेबाने इथे 'विल' हवं होतं.